सतरा नंबरची काच

१

गुरुवारी सकाळी साडेसातला वाचनालय उघडलं तेव्हा सतरा नंबरच्या चौकटीत फोटो नव्हता. चौकट होती, काच होती. चौकट खिळ्यावर अगदी सरळ टांगलेली होती. खाली चिठ्ठीही शाबूत होती : 'क्र. १७. कोंबडबाजार, धानोरा. छाया – श्रीहरी गुरनुले.' काचेच्या आत मात्र नुसता तपकिरी पुठ्ठा. आमच्या मंडळाचे एक सदस्य त्या पुठ्ठ्यासमोर बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, की श्रीहरीची कला आता समजायला अवघड होत चालली आहे.

ही गोष्ट पंच्याऐंशीच्या मे महिन्यातली. चंद्रपूरला तेव्हा आम्ही जुन्या सवयीने चांदाच म्हणत असू, आणि 'चांदा हौशी छायाचित्र मंडळ' या भारदस्त नावाखाली नऊ सदस्य आणि चार कॅमेरे नांदत होते. मी पोस्टात कारकून आणि मंडळाचा चिटणीस. ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता ते सल्ला देत. एका रोलात बारा फोटो निघत. कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल खिडकी असे, तीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची. बारावा फोटो निघाल्याशिवाय रोल धुवायला टाकणं म्हणजे अर्धवट जेवून उठणं. त्यामुळे संक्रांतीला काढलेली बहीण पोळ्याला दिसे, आणि तोवर तिचं लग्न होऊन ती सासरीही गेलेली असे.

मंडळाचा नियम एकच होता : कोणालाही उभं करायचं नाही. स्टुडिओत माणूस श्वास कोंडून उभा राहतो. आम्ही माणूस जिथे असेल तिथे, जसा असेल तसा, त्याच्या नकळत टिपायचो. परकोटाच्या सावलीत पत्ते कुटणारे, मार्कंड्याच्या देवळाबाहेर चप्पल शोधणारे, आलापल्लीच्या डेपोत सागाच्या ओंडक्यावर झोपलेला चौकीदार, एटापल्लीच्या एस.टी.च्या टपावरून खाली उतरणारी बकरी. असे चाळीस फोटो आम्ही वाचनालयाच्या हॉलमध्ये टांगले. सोमवारी उद्घाटन झालं. गुरुवारी सतरावा गेला.

आठ वाजता कार्यकारिणीची तातडीची सभा भरली; वाचनालयाची आणि मंडळाची कार्यकारिणी एकच होती. अध्यक्ष कोतपल्लीवार वकील कोट घालून आले. मे महिन्यात चांद्यात कोट घालणारा माणूस एकतर वकील असतो किंवा नवरदेव. टेबलावर पानाच्या द्रोणात पसाभर चारोळी ठेवलेली होती. ती कोणी ठेवली हे कोणी विचारलं नाही. कार्यालयीन वस्तू समजून सर्वांनी चर्चा करता करता संपवली.

"किल्ली कोणाकडे असते?" अध्यक्षांनी विचारलं.

"माह्याकडं जी," मुखरू म्हणाला.

मुखरू वाचनालयाचा शिपाई. बावीस वर्षांची नोकरी. वाचनालयामागच्या एका खोलीत तो आणि बायको राहत. काचा पुसायच्या म्हटल्या की चाळीसच्या चाळीस पुसणारा, आणि आलेल्या प्रत्येक माणसाकडून अभिप्रायवहीत दोन ओळी लिहून घेतल्याशिवाय त्याला दाराबाहेर न सोडणारा माणूस.

"मग फोटो कुठं आहे?"

मुखरूने जमिनीकडे पाहिलं. "सोमवारी सांगतो जी."

"सोमवारी का?"

"सोमवारी सांगतो."

"दुसरी प्रत काढू की," श्रीहरी म्हणाला. हा श्रीहरी जंगल खात्यातला कारकून. धानोऱ्याला होता, नुकताच बदलून इकडे आला होता. "निगेटिव्ह आहे. त्यात काय?"

"प्रश्न फोटोचा नाही, तत्त्वाचा आहे," अध्यक्ष म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत याने फोटो आणून द्यावा. नाहीतर नोकरी आणि खोली, दोन्ही रिकामं करावं."

ठराव लिहिण्यासाठी मी कागद शोधत होतो. हाताला अभिप्रायवही लागली. उघडली तर सोमवार ते बुधवारचं पान मुळापासून फाडलेलं होतं.

२

वहीची गोष्ट मी सभेत बोललो नाही. सायकल काढली आणि झरपट फोटो स्टुडिओत गेलो. आमच्या चौकटी तिथल्या, आमचे रोल तिथेच धुतले जात, निगेटिव्हही तिथेच राहत. आणि तिथे सुगंधाबाई होत्या.

स्टुडिओचा मालक त्यांचा नवरा इसरू. तो बटण दाबायचा. बाकीचं सगळं सुगंधाबाई करायच्या. खिडकीशी बसून, बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने निगेटिव्हवरचे देवीचे वण, तीळ, सुरकुत्या घालवायच्या. याला 'टचिंग' म्हणत. चांद्यातली निम्मी लग्नं त्या पेन्सिलीने जमवली. उरलेली निम्मी, फोटोनंतर मुलगी प्रत्यक्ष पाहिल्यामुळे मोडली. पंचवीस वर्षं त्यांनी गावातला प्रत्येक चेहरा काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा असा पाहिला होता. रस्त्यात भेटलेला माणूस त्यांना चटकन ओळखू येत नसे. निगेटिव्हात आला, की घराण्यासकट ओळखत.

त्यांचं दुसरं काम मेलेल्यांना कोट घालण्याचं. माणूस गेला की घरच्यांना आठवण होई, की याचा फोटोच नाही. मग लग्नाच्या वरातीतला कुठला तरी घोळका घेऊन येत. सुगंधाबाई त्यातलं ते एक डोकं मोठं करत, खाली कोट आणि टाय रंगवून देत. आयुष्यभर बंडीत वावरलेले कितीतरी शेतकरी टाय लावून भिंतीवर गेले ते त्यांच्यामुळे.

मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही.

"त्या फोटोत एवढं काय होतं, भाऊ?"

"कोंबड्यांच्या झुंजीभोवतीचा घोळका. शंभरेक डोकी. पण बाई, त्यात दोन डोकी नको ती होती." मी आवाज उतरवला. "लटारू बोरकुटे गुरुजी. जानेवारीत कंबर धरली म्हणून पंधरा दिवस आजारपणाच्या रजेवर होते. फोटोत पहिल्या रांगेत उकिडवे बसलेत. कंबर उत्तम दिसते. आणि दुसरे खुशाल चिलबुले."

"थे प्राणिमित्र मंडळवाले?"

"तेच. मुक्या जनावरांवर दर रविवारी भाषण देतात. फोटोत कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे झुंजीची ती छोटी सुरी, बांधून राहिलेत. दोघंही कार्यकारिणीवर आहेत. उद्घाटनाच्या दिवशी दोघांनी तो फोटो पाहिला, तेव्हा गुरुजींच्या हातातला पेढा तसाच राहिला होता."

"हं," बाई म्हणाल्या. "अन् मुखरू सोमवारी सांगतो म्हणते."

"हो. आणि वहीचं पान फाडलंय. आता त्याच्यावरच येणार सगळं."

"चौकट मांगून उघडली का पुढून?"

"मागून. चुका, म्हणजे ते बारीक खिळे, उपटले, फोटो काढला, पुन्हा एकूण एक चूक ठोकून बसवली. काचेला तडासुद्धा नाही."

"मोठा टापटीप चोर हाये." त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. "अजून काही होतं तिथी, रोज नसते असं?"

मला काही आठवेना. मग आठवलं. "टेबलावर चारोळी होती. द्रोणात."

"कुठी हाये थे?"

"संपली. चांगली होती. मी नंतर गेटजवळच्या कडुलिंबाखाली बघायला गेलो, तिथे तीन दिवस एक म्हातारी चारोळी विकत बसायची. पावशेर घ्यावी म्हटलं. आज ती आलीच नव्हती."

"म्हणजे सभा भरवून पुरावा खाल्ला तुमी." त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "अन् द्रोण? तो तरी ठेवला का तोबी गिळला?"

३

द्रोण कचऱ्याच्या पेटीत सापडला. शुक्रवारी सकाळी सुगंधाबाईंनी तो उलटापालटा करून पाहिला आणि पदराखाली ठेवला. नंतर मला घेऊन आधी बोरकुटे गुरुजींकडे गेल्या.

गुरुजी खाटेवर पडले होते. आम्हाला पाहून त्यांनी कंबरेवर हात नेला.

"गुरुजी, फोटो गेला म्हणते," बाई म्हणाल्या.

"गेला तर जाऊ द्या ना बाई. चाळीसातला एक. एकोणचाळीस काय कमी आहेत? अन् पुन्हा काढायच्या भानगडीत पडू नका. कागद केवढा महाग झालाय."

"मंगळवारी तुमी माह्याकडं आल्ते."

माझ्यासाठी ही बातमी होती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"आलो होतो. सहज."

"मले म्हणाले, निगेटिव्हातला हा माणूस झाड करून दे."

"बाभूळ चालली असती," गुरुजी हळूच म्हणाले. "वर्गातली पोरं रोज प्रदर्शनाला जाऊन राह्यली. परवा एकाने मला विचारलं, गुरुजी, लाल कोंबडा जिंकला का काळा."

"मग कोण जिंकला?"

"काळा," गुरुजी म्हणाले, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडले.

खुशाल चिलबुले घराच्या ओसरीवर गाईला पोळी चारत होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि भाषणही दिलं. फोटोतला माणूस आपण नसून आपल्यासारखा दिसणारा कोणी असावा, आणि असलोच तर आपण काती सोडवत होतो, बांधत नव्हतो, असा त्यांचा एकूण मुद्दा होता.

"बुधवारी सकाळी मले निगेटिव्ह मांगाले आल्ते," बाई म्हणाल्या.

"पाहायला मागितली होती."

"जाळाले मांगतली होती. मी म्हणली, टचिंग करून पायतो, पुढच्या हप्त्यात या."

"मुखरूला काढून टाकलं की विषय मिटतो," चिलबुले म्हणाले. "त्याच्याकडेच किल्ली होती ना?"

परतताना रस्त्यावर डांबर पाघळत होतं, चपला चिकटत होत्या. मी म्हटलं, "बाई, या दोघांतला एक नक्की."

"दोघंबी नाई."

"का म्हणून?"

"भाऊ, तुमी हौशी लोक फोटो काढता, पण विचार नाई करत. फोटो लपवाचा आहे त्याले पयले काय लागते? निगेटिव्ह. हे दोघं चोरीच्या आंधीच निगेटिव्ह मांगाले आल्ते. म्हणजे दोघायले माहीत हाये का कागद चोरून काही फायदा नाई, उद्या दुसरा निघते. अन् तीन दिवस गावानं पाह्यल्यावर चौथ्या दिवशी चोरून काय लपवाचं राह्यलं?"

"मग कोणी नेला?"

"ज्याले वाटते, फोटो एकच राह्यते. एका माणसाचा एकच."

आम्ही वाचनालयात पोचलो तेव्हा मुखरू अध्यक्षांच्या टेबलापुढे उभा होता. टेबलावर त्याची पकड होती, चुका उपटायची. अध्यक्षांनी ती त्याच्या खोलीतून हुडकून आणली होती.

"ही तुझी?"

"माहीच जी."

"चौकट हिनेच उघडली?"

मुखरूने पकड बाहीला पुसून पुन्हा टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "मले रविवारी सुट्टी पायजे होती."

४

शनिवारी सकाळी सुगंधाबाईंनी लाल दिव्याखाली सतरा नंबरची नवी प्रत काढली. ओल्या फोटोला दोरीवर टांगलं, वाळवला, आणि पदराखाली धरून वाचनालयात आणला. अकरा वाजले होते. कूलर नुसता आवाज करत होता, आणि सतरा नंबरसमोरच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता. हॉलमध्ये आम्ही दोघंच. मुखरू मागे खोलीत सामान बांधत होता. त्याच्या बायकोने भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

"रिकामी चौकट खाली काढा," बाई म्हणाल्या.

मी काढली. त्यांनी मागच्या चुका उपटल्या, पुठ्ठा बाजूला केला, आणि काच दोन्ही हातांनी कडेकडेने उचलून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली.

"बाकीच्या काचा पाहा."

मी पाहिल्या. एकोणचाळीस काचा लख्ख. मुखरूने रोज संध्याकाळी पुसलेल्या.

"अन् ही?"

ही पुसलेली नव्हती. डाव्या बाजूला, वरून चार बोटं खाली, एक डाग होता. बोटाचा. एकदा लागलेल्या बोटाचा नाही. एकाच ठिकाणी वरून खाली, वरून खाली, पुन्हा पुन्हा फिरलेल्या बोटाचा.

"मुखरू मले बुधवारी दुपारी भेटला तवा म्हणाला, एका काचेले रोज तिथीच डाग पडते, पुसून पुसून हात दुखला. मी ध्यान नाई देलो," बाई म्हणाल्या. "बुधवारी त्यानं ही काच काऊन नाई पुसली? चौकट खोलली, फोटो काढला, चुका ठोकल्या, पण काच पुसली नाई. असा माणूस काच कवा ठेवते बिनपुसलेली?"

"घाईत असला तर."

"किंवा डाग कोणाचा हाये हे माहीत असलं तर."

त्यांनी नवा फोटो टेबलावर ठेवला आणि त्यावर काच अलगद बसवली. कडा जुळवल्या.

मी वाकून पाहिलं. डाग गुरुजींवर नव्हता. चिलबुल्यांवर नव्हता. झुंजीच्या रिंगणावर तर नव्हताच. तो पार कडेला, ज्याच्याकडे आम्ही कोणीच कधी पाहिलं नव्हतं अशा एका माणसाच्या गालावर होता. डोक्याला रुमाल, काखेत पांढरा कोंबडा. सगळा घोळका झुंजीकडे बघत होता आणि हा एकटा आपल्या कोंबड्याकडे बघून हसत होता. तोंडात दोन-तीन दात असतील.

"हा कोण?" मी विचारलं.

सुगंधाबाईंनी वाकून तो चेहरा पाहिला.

"चांद्यातला नाई. चांद्यातला असता तर मले माहीत असता." त्यांनी पदराखालून तो द्रोण काढला. "इथले द्रोण पळसाचे राह्यते, काडीनं टोचलेले. हा माहुलच्या पानाचा हाये. ही वेल धानोऱ्याच्या जंगलात राह्यते. आता तुमी लिंबाखालच्या म्हातारीचं बोलले ना भाऊ, ते अजून एकडाव सांगा."

मी सांगितलं. सोमवार ते बुधवार होती. गुरुवारपासून नाही.

"मुखरूले बलवा," बाई म्हणाल्या. "नाई, राहू द्या. आपणच जाऊ त्याच्या घरी."

५

खोलीत दोन गाठोडी बांधून ठेवली होती. मुखरूची बायको कमळा चुलीपुढे बसली होती. तिने आम्हाला बसायला पोतं टाकलं आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "आता तरी सांगता का यायले?"

"सोमवारी," मुखरू म्हणाला.

"मी सांगतो," सुगंधाबाई म्हणाल्या. "चुकलं तर थांबव. लिंबाखालची ती बाई पाणी प्याले आत आली. रांजणापासी. तिथून फोटो दिसला. फोटोत तिचा माणूस होता. अन् तो माणूस आता नाई."

मुखरूने गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"ठमाबाई," तो म्हणाला. "धानोऱ्याकडली. मालक लहानू. त्याले दवाखान्यात आणलं होतं इथी, पोरीच्या घरी ठेवलं होतं, बाबूपेठेत. तीन हप्ते झाले गेला. सोमवारी आली, पाणी प्याली, अन् तिथीच उभी राह्यली. मी म्हणलो, बाई, वहीत अभिप्राय द्या. म्हणे, मले लेयता येत नाई. म्हणलो, अंगठा द्या. नियम हाये." त्याने तीन बोटं दाखवली. "तीन दिवस आली. तीन अंगठे देल्ली. रोज काचेवरून हात फिरवाची. मी रोज पुसाचो. मंग बुधवारी म्हणाली, रविवारी पुण्यानुमोदन हाये. टेबलावर बुद्धाचा फोटो राहील, बाबासाहेबाचा राहील, अन् ज्याच्यासाठी लोक येतीन त्याचाच नाई. उभ्या जिनगानीत एकबी फोटो काढला नाई त्यानं."

"अन् तू काढून देला."

"मीच काढून देलो. तिनं मांगतला नाई. ते द्रोणभर चारोळी माह्यासाठी ठेवून गेली, मी टेबलावर ठेवलो. मले कसी खावीसी वाटन?"

"ती आम्ही खाल्ली," मी कबूल केलं.

"पान काऊन फाडलं?" बाईंनी विचारलं.

"अंगठा होता ना तिचा. पोलिसायनं पाह्यला असता तर?"

"अन् सोमवार?"

"रविवारी कार्यक्रम होते. त्याच्या आंधी सांगतलो असतो तर वकील साहेब आपल्या तत्त्वासाठी तिच्या दारात गेले असते. फोटो वापस आणला असता." त्याने खोलीकडे एकदा सभोवार पाहिलं. "सोमवारी मीच सांगणार होतो. जे होईल ते होईल."

"अरे येड्या," सुगंधाबाई म्हणाल्या. "फोटो दुसरा निघते."

मुखरूने बावीस वर्षं पुस्तकं पाहिली होती. पुस्तकाच्या हजार प्रती निघतात हे त्याला माहीत होतं. फोटोचीही प्रत निघते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ज्याच्या घरात कधी फोटोच आला नाही, त्याच्या डोक्यात हा हिशेब यावा कसा? फोटो म्हणजे माणूस. गेला की गेला.

त्या दिवशी श्रीहरीने 'दुसरी प्रत काढू की' म्हटलं ते मी ऐकलं होतं, आणि विसरलो होतो. मुखरूने ऐकलं होतं, पण श्रीहरी पुन्हा धानोऱ्याला जाईल आणि नवीन घोळका टिपून आणेल, असा त्याने अर्थ लावला होता. त्यात लहानू नसणार हे त्याला बरोबर कळत होतं.

पाचला सभा भरली. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सुगंधाबाई सभासद नव्हत्या, तरी त्या हॉलमध्ये आल्या आणि कोणाला काही न विचारता सतरा नंबरची चौकट खिळ्यावर टांगून दिली. फोटो आत होता.

"हा सापडला कुठं?" अध्यक्षांनी विचारलं.

"हा हरवलाच नव्हता, वकील साहेब. हा माह्याकडं होता."

"आणि आधीचा?"

"आंधीचा ज्याचा होता त्याच्याकडं गेला."

"म्हणजे चोरी झाली हे तुम्ही मान्य करता."

"करतो जी. पण मोजाची तर पयल्यापासून मोजा." बाईंनी श्रीहरीकडे पाहिलं. "तुमी हा फोटो काढला तवा या कोंबडावाल्याले विचारलं होतं का?"

"नाही," श्रीहरी म्हणाला. "मंडळाचा नियमच आहे, न विचारता..."

"मंग पयली चोरी धानोऱ्यातच झाली. दुसरीची फिर्याद कोणं करावी?"

अध्यक्षांनी टेबलावरचं घड्याळ उचलून खिशात ठेवलं. मग ते म्हणाले, "तरीही शिपायाने वाचनालयाची वस्तू परस्पर दिली. हे मताला टाकावं लागेल."

"टाका जी," सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, आणि बोरकुटे गुरुजी व चिलबुले यांच्याकडे वळल्या. "तुमच्या दोघायचं टचिंगचं काम हाये माह्याकडं. निगेटिव्ह माह्याजवळच हाये. सोमवारी बसून करीन म्हणतो. मुखरूचं काय होते ते पाहून."

मुखरूला कायम ठेवावं हा ठराव लटारू बोरकुटे गुरुजींनी मांडला. त्यासाठी ते कंबर विसरून उभे राहिले. खुशाल चिलबुल्यांनी अनुमोदन दिलं, आणि मुक्या प्राण्यांप्रमाणेच मुक्या माणसांवरही दया केली पाहिजे असं छोटंसं भाषण केलं. इतिवृत्त मी लिहिलं : 'छायाचित्र क्र. १७ जागेवर असल्याची सभेने खातरजमा केली.' अध्यक्षांनी सही केली. तारखेखाली मुखरूच्या ओल्या अंगठ्याचा एक डाग पडला. तो पेले उचलत होता.

६

रविवारी आम्ही तिघं बाबूपेठेत गेलो. मुखरूला सुट्टी मिळाली होती.

ठमाबाईची मुलगी रंभा हिचं घर लहान होतं, पण लोक भरपूर. टेबलावर पांढरी चादर, मेणबत्त्या, मोगऱ्याची फुलं. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या पायथ्याशी एका उलट्या तांब्याला टेकवलेला सतरा नंबरचा फोटो. अख्खा घोळका. गुरुजी पहिल्या रांगेत उकिडवे. चिलबुले काती बांधताना. कोंबडे हवेत. लोक वंदना घेत होते आणि गुरुजींना त्याची कल्पना नव्हती.

वंदना झाली, चार माणसं लहानूबद्दल बोलली. त्याचा कोंबडा एकदाही जिंकला नव्हता असं एकाने सांगितलं, तेव्हा लोक हसले.

सुगंधाबाई ठमाबाईजवळ बसल्या. पिशवीतून वही काढली. "आई, मी याचा एकट्याचा मोठा फोटो करून देतो. चेहरा साफ करतो. हे मांगचे लोक काढतो. कोट घालतो, सगळे घालतात तसा."

ठमाबाईने फोटोकडे पाहिलं. "कोंबडा?"

"तोबी काढतो. भिंतीवर बरा नाई दिसत."

"कोंबडा राहू दे, माय," ठमाबाई म्हणाली. "कोंबडा काढसीन तर थो कोणाकडं पाहून हासून राह्यला म्हणतीन?"

सुगंधाबाईंनी वही मिटली. पंचवीस वर्षांत त्यांना कोणी असं सांगितलं नव्हतं. पेन्सिल त्यांनी डबीत ठेवली आणि डबी पिशवीत.

माझ्या गळ्यात कॅमेरा होता. लाल खिडकीत बारा आकडा होता, रोलातला शेवटचा. सवयीने मी तो पोटाशी धरला, खाली पाहून काच जुळवली आणि खटका दाबणार, एवढ्यात कालची सभा आठवली. बोट काढून घेतलं.

"आई," मी म्हटलं, "तुमचा एक फोटो काढू का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मंडळात इतकी वर्षं होतो, पण हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता.

"काढ ना," ती म्हणाली. "पण मले असी ताठ उभी नको करू. माहं हे चालू राहू दे."

आणि ती पुन्हा फोटोकडे वळली. तिचं बोट उठलं. समोर काच नव्हती, तरी काच असल्यासारखं ते हळूच त्या गालावरून वरून खाली फिरलं.

मी खटका दाबला. फोटो थोडा हललेला आला. सुगंधाबाईंनी तो मला तसाच काढून दिला, त्यातलं काहीही पुसलं नाही.